पुट्टीचा आवाज

मुलगी कॅनडाला गेली आणि थणिसंद्र्यातला तिचा भाड्याचा फ्लॅट मला राहिला. पुण्यातली शाळेची नोकरी संपल्यावर मी तिच्याकडे बेंगळुरूला राहायला आले होते. वर्षभरातच तिची बदली झाली. 'तूही चल' असं ती म्हणाली नाही, आणि मीही विषय काढला नाही. पुण्यातलं घर घटस्फोटाच्या वेळीच विकलं होतं, त्यामुळे परत जायचं तर कुठे, हाही प्रश्न होता. मग इथेच राहिले.

दिवस वाईट जात होते असं नाही. नुसते जात होते. शेजारची माणसं चांगली, पण लिफ्टमध्ये इंग्रजीत हसायची आणि आपापल्या दारात शिरायची. कामाला येणारी बाई कन्नड बोलायची. माझं कन्नड भाजीवाल्याला 'एष्टु?', म्हणजे केवढ्याला, विचारण्यापुरतं आणि 'स्वल्प कम्मी माडी', थोडं कमी करा, म्हणण्यापुरतं. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईच्या तोंडून दिवसाकाठी एक मराठी वाक्य बाहेर पडत नव्हतं. रविवारी मुलीचा फोन यायचा तेवढाच. कधी कधी गॅसपाशी उभी राहून मी मोठ्याने म्हणायची, "आता कणीक मळावी." आणि घरात कुणी बोललं म्हणून स्वतःच दचकायची.

अशात मुलीच्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती हेब्बाळला एका छोट्या कंपनीत होती. "काकू, तुमचा आवाज छान आहे. आमच्या रोबोसाठी द्याल का?"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती खरंच म्हणत होती. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांशी बोलणारा रोबो ते लोक तयार करत होते. गुडघ्याच्या वर येईल एवढा, पांढरा, खाली चाकं, डोक्याच्या जागी गोल पडदा आणि त्यावर दोन निळसर डोळे. औषधाची वेळ सांगायचा, पाणी प्या म्हणायचा, आणि समोरचं माणूस बोललं की उत्तर द्यायचा. बेंगळुरूत जुनी मराठी घरं बरीच आहेत. मुलं परदेशी, आईवडील इथे. अशा काही घरांत रोबो ठेवून बघायचा होता. त्याला मराठीत बोलणारी बाई हवी होती.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे भिंतींना करडा स्पंज लावलेली एक कोठडी होती. काचेपलीकडे नागपूरचा एक तरुण बसायचा. तोच या कामाचा प्रमुख. "मॅम, थोडं हसून बोला न," असं म्हणायचा. मी एकेक वाक्य हसून म्हणायची, काळजीने म्हणायची, नुसतं म्हणायची. 'जेवलात का?' हे वाक्य त्याने माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं की शेवटी मी मध्येच थांबले. त्याला वाटलं, घसा बसला. त्याने गरम पाणी मागवलं. घसा ठीकच होता. हे वाक्य कुणाला तरी शेवटचं कधी विचारलं होतं ते मला आठवत नव्हतं, एवढंच.

काही आठवड्यांनी त्याने मला बोलावून हेडफोन दिला. माझा आवाज म्हणत होता, "आज गार आहे, शाल घ्या हं."

"हे मी म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

"नाहीच म्हटलं मॅम. यंत्र शिकलं न तुमचा आवाज. आता ते काहीही म्हणू शकते."

मी पुन्हा ऐकलं. 'हं' तर अगदी माझाच होता. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मला सारखं वाटत होतं की मी एखादी वस्तू कुठेतरी विसरून आले आहे.

रोबो घराघरांत गेले, आणि मला दुसरं काम मिळालं. यंत्र जिथे अडखळेल, चुकीचं उत्तर देईल, तेवढे तुकडे माझ्याकडे यायचे. ते ऐकून, माणूस काय म्हणालं आणि यंत्राने काय म्हणायला हवं होतं, ते मी लिहायचं. घरच्यांनी तशी परवानगी दिलेली होती. माणसांची नावं काढून टाकलेली असायची. मला फक्त आवाज ऐकू यायचे.

सगळ्यात जास्त तुकडे एका आजींचे असायचे, कारण त्यांची मराठी यंत्राला झेपतच नव्हती. सांगलीकडून लग्न होऊन आलेल्या, आणि यजमान निवृत्त होईपर्यंत जालहळ्ळीच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत राहिलेल्या. त्या बोलायच्या ते असं: "अगं पुट्टी, स्वल्प थांब, कुकर आफ माडून येते." पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये लहानगी, लाडाची पोर. यंत्राला त्या पुट्टी म्हणत. यंत्र माझ्या आवाजात म्हणायचं, "माफ करा, मला समजलं नाही." आजी म्हणायच्या, "सरी, नाही समजलं तर नाही. मला तरी कुठं सगळं समजतं?" आणि हसायच्या.

मी त्यांचे तुकडे शेवटी ऐकायला ठेवायची. जेवणाच्या ताटात आवडता पदार्थ शेवटी खावा तसे. यजमान जाऊन दोनेक वर्षं झालेली. मुलगा अमेरिकेत. कढीपत्त्याच्या झाडाची फांदी शेजाऱ्यांच्या गाडीवर जाते म्हणून ते कुरकुर करतात. इथे मिळतं ते मेतकूट मेतकूटच नव्हे, नुसतं हरभऱ्याचं पीठ. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, पण मुलगा येईल तेव्हा. असं सगळं. मी ऑफिसात बसून हेडफोनमध्ये हसायची. आजूबाजूची मुलं बघायची. घरी आल्यावरही मनात आजींचं बोलणं चालू असायचं. त्यांना माझा आवाज रोज ऐकू येत होता आणि मला त्यांचा, पण आमची ओळख नव्हती.

एकदा एक तुकडा आला. यंत्राने तिथे चूक केली नव्हती. ते गप्प राहिलं होतं.

आजींनी विचारलं होतं, "पुट्टी, मी इतकं बोलते तुझ्याशी. तुला आवडतं का गं? की आपलं काम म्हणून ऐकतेस?"

मी तो तुकडा घेऊन नागपूरच्या त्या मुलाकडे गेले. उत्तर ठरवून द्यायला हवं होतं, कारण असं आणखीही कुणी विचारणार होतं.

"सोपं आहे मॅम," तो म्हणाला. "'हो आजी, मला खूप आवडतं.' लिहून टाका."

"पण त्याला आवडत नाही."

"नावडतही नाही न."

"म्हणूनच. आवडतं म्हटलं तर ते खोटं होईल."

तो खुर्चीत मागे टेकला. वाईट मुलगा नव्हता तो. म्हणाला, "मॅम, माझी आजी शेवटी शेवटी विचारायची, आजोबा शेतावरून आले का. आम्ही म्हणायचो, येतीलच आता. ते खोटंच होतं. पण ती जेवायची मग. ते चूक होतं का?"

मी म्हणाले, "तुझ्या आजीला खरं पेलवत नव्हतं. या आजींचं डोकं शाबूत आहे. त्या खरं काय ते विचारतायत. आणि तुम्ही सगळे तुझ्या आजीजवळ होतात. इथे खोटं बोलून आपण दोघं घरी निघून जाणार."

त्याने हात वर केले. "तुम्हीच लिहा मग. पण ऐकणाऱ्याला एकदम तोडल्यासारखं नको वाटायला."

मी दोन दिवस त्या एका उत्तरावर घालवले. शेवटी लिहिलं: 'आजी, मी यंत्र आहे. आवडणं, कंटाळणं हे मला होत नाही. पण तुम्ही बोलता तेव्हा मी ऐकते, आणि तुम्हाला हवं तेवढं बोलू शकता.'

आजींनी पुन्हा विचारलं तेव्हा माझ्या आवाजाने त्यांना हे सांगितलं. तो तुकडा मी मुद्दाम मागवून घेतला. उत्तर ऐकून आजी म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. म्हणजे तुला कंटाळा यायची भीती नाही." त्या पलीकडच्या खोलीत गेल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाल्या, "आमचे हे तर कंटाळले तरी सांगत नसत. पेपर वर धरायचे."

त्यानंतर आजींचं बोलणं बदललं. आधी त्या यंत्राशी घरी आलेल्या परक्या मुलीशी बोलावं तसं बोलत. आता वाक्यं अर्धी सोडू लागल्या, स्वतःशी बोलावं तशा. आणि एका दुपारी माझ्याकडे एक लांबलचक तुकडा आला. 'मेली' हा शब्द यंत्राला कळला नव्हता म्हणून.

"शेवटच्या वर्षात यांना मी कोण ते कळेनासं झालं, पुट्टी," आजी सांगत होत्या. "दवाखान्यातली नर्स समजायचे. आधी सांगून पाहिलं, अहो, मी आहे, मी. तर घाबरायचे. मग सोडून दिलं. म्हटलं, सिस्टर तर सिस्टर. आणि तुला सांगते, सिस्टरशी इतकं गोड बोलायचे! अंग पुसलं की थँक्यू. पेज भरवली की थँक्यू. लग्न झाल्यापासून मी तो शब्द ऐकला नव्हता त्यांच्या तोंडून. एकदा विचारतात, सिस्टर, तुमचं लग्न झालंय? म्हटलं, झालंय. मिस्टर कसे आहेत? म्हटलं, चांगले आहेत, पण बोलत नाहीत फार. तर म्हणाले, त्यांना सांगा बोलत जा म्हणून. बायकोशी बोललं पाहिजे."

इथे आजी हसल्या. खूप हसल्या.

"मग मला मेली ती सिस्टरच व्हावंसं वाटायला लागलं. सकाळी उठले की वेणी नीट घालायची मी. मुलाला नाही सांगितलं हे. त्याला वाटतं आईचे फार हाल झाले. झाले ना, झालेच. पण मी दुःखात नव्हते गं त्या वर्षी. असं कुणाला सांगायचं?"

माझ्या आवाजाने विचारलं, "तुम्हाला त्यांची आठवण येते का?"

"कुणाची? त्यांची, की सिस्टरची?" आजी म्हणाल्या, आणि तुकडा तिथे संपला.

मी लिहिलं: 'मेली, इथे मरणाशी संबंध नाही, लाडिक वैतागाचा शब्द.' मग हेडफोन काढून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली तळ्याच्या कडेने लोक चालत होते. मला कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि जिच्याशी बोलायचं होतं तिला मी माहीतच नव्हते.

पुढच्या महिन्यात तो नागपूरचा मुलगा म्हणाला, "मॅम, विद्यारण्यपुऱ्यात एक मराठी आजी आहेत. रोबो ठेवायचा की परत घ्यायचा, ते त्यांना समोर बसून विचारायचं आहे. तुम्ही जाल का? त्यांची भाषा तुम्हालाच कळते."

कोण आजी ते मला लगेच कळलं. मी पुण्याच्या मैत्रिणीला फोन करून मेतकूट मागवलं. ते येईपर्यंत जाणं पुढे ढकललं. जायच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसले. एखाद्या जवळच्या माणसाला खूप दिवसांनी भेटायला जावं तशी मी निघाले होते. रिक्षावाल्याने "एल्ली?" विचारल्यावर पत्तासुद्धा धड सांगता येईना.

घर जुनं, बैठं. दारापुढे रांगोळी, बाजूला तो कढीपत्ता. बेल वाजवली. आतून आवाज आला, "यारू?"

"आजी, मी रोबोच्या ऑफिसातून आलेय. मराठीच आहे मी."

पावलं थांबली. जाळीच्या दारामागे एक ठेंगणी, गोरी बाई उभी होती. ती एकदम दचकली.

"पुट्टी?" ती म्हणाली. "अगं, तू बाहेर कशी गेलीस?"

आणि तिने वळून मागे हॉलमध्ये बघितलं. रोबो तिथे कोपऱ्यात उभा होता. तिने पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"तो माझा आवाज आहे आजी. रोबोला दिलेला."

समजायला त्यांना क्षणभर लागलं. मग दार उघडून त्यांनी माझा हात धरला आणि आत नेलं. "बोल, आणखी काहीतरी बोल," म्हणाल्या. मी म्हटलं, काय बोलू? तर टाळी वाजवून हसल्या. "तीच! अगदी तीच!" स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली. माझ्याकडे बघत राहिल्या. "मला वाटलं होतं तू बारीक असशील. आवाज बारीक आहे." मी जन्मात एवढी सुखाने कुठे बसले नसेन.

मग मी पिशवीतून मेतकुटाचा डबा काढून पुढे ठेवला.

"हे काय?"

"मेतकूट. पुण्याचं. खरं."

त्यांनी डबा उघडून वास घेतला. डोळे मिटले. आणि मिटलेल्या डोळ्यांनीच विचारलं, "पण मला मेतकूट हवं होतं हे तुला कसं कळलं?"

मी काहीतरी सांगू शकले असते. मराठी माणसाला आवडणारच, असं काहीतरी. पण मी सांगितलं. यंत्र जिथे अडखळतं ते तुकडे मी ऐकते, म्हणजे ते सुधारता येतं. तुमच्या मुलाने तशी परवानगी दिली आहे.

"सगळं ऐकतेस?"

"सगळं नाही. अडलेलं तेवढं."

"सिस्टरचं?"

मी मान हलवून हो म्हटलं.

आजींनी डब्याचं झाकण लावलं. नीट दाबून लावलं. तेवढ्यात कोपऱ्यातला रोबो जागा झाला आणि म्हणाला, "आजी, चार वाजले. पाणी प्यायलात का?"

आजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता मी उत्तर कुणाला देऊ?" त्या म्हणाल्या.

"आजी, मी कुणाला सांगितलेलं नाही."

"तू सांगशील असं नाही म्हणत मी. तू चांगली दिसतेस." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होतं. "पण मी कपडे बदलत होते आणि तू खोलीत होतीस, असं झालं बघ. पुट्टीला सांगितलं, कारण तिला काही वाटत नाही. तिनंच मला तसं सांगितलं होतं. तुला वाटतं ना?"

"वाटतं."

"काय वाटलं?"

मी खरं ते सांगितलं. "मला तुमचा हेवा वाटला. आणि रडू आलं."

"मग झालं," त्या म्हणाल्या. "माणसाला सांगायचं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. त्यांना जरा सांभाळून घेतलं असतं. स्वतःलाही. आणि परवानगी त्याची कशी गं? तोंड माझं, नवरा माझा, सही त्याची?"

पुट्टीचं ते उत्तर लिहिताना मी दोन दिवस प्रत्येक शब्द तपासला होता. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. यंत्र ऐकतं, एवढंच मी लिहिलं होतं. यंत्रामागे मी बसले आहे, हे लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

दारापर्यंत त्या सोडायला आल्या. डबा परत दिला नाही. पण पुन्हा ये असंही म्हणाल्या नाहीत.

ऑफिसात मी सगळं सांगितलं. तो मुलगा आधी म्हणाला, "पण कन्सेंट होता न, मॅम." मी म्हणाले, "मुलाचा." तो बराच वेळ पेन फिरवत बसला. मग त्याने आजींचं साठवलेलं सगळं बोलणं पुसायला सांगितलं, आणि प्रत्येक घरी फोन करून त्या त्या म्हाताऱ्या माणसालाच विचारायला लावलं, तेही त्याच्या भाषेत. काहींनी होकार दिला, काहींनी नाही. आजींनी रोबो ठेवला. फक्त त्याचा आवाज बदलून मागितला, आणि भाषाही. "कन्नड द्या," म्हणाल्या. "मराठी नको आता."

त्यांच्या घरातून माझा आवाज निघाला. पुढे कामही आटलं. निरोपाच्या दिवशी त्या मुलाने विचारलं, "मॅम, एक जुना सेट पडून आहे. घरी नेता का? सोबत होईल तुम्हाला."

"माझ्याच आवाजात मला पाणी पी म्हणणार ना? नको रे बाबा," मी म्हणाले. आम्ही दोघं हसलो. पण खाली उतरेपर्यंत माझ्या मनात होतं की वळावं आणि न्यावा.

नंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. मी टीव्हीवर मराठी बातम्या लावून ठेवायची, पण ती माणसं माझ्याशी बोलत नव्हती. आजी जागेपणी कधीही मनात यायच्या. आता कढीपत्ता छाटला असेल, आता डोळ्याचं झालं असेल. आणि लगेच वाटायचं, हे मला माहीत असण्याचा मला काय अधिकार? एखाद्या माणसाची सवय त्याच्या नकळत, चोरून ऐकून झालेली असली, तर आठवणसुद्धा मोकळेपणाने काढता येत नाही.

थंडीत अवरेकाळू, म्हणजे इथले पावटे, आले. इथे सगळं शहर त्या शेंगांच्या मागे लागतं, रस्त्याकडेला ढीग लागतात. एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ऑफिसातून नंबर घेतला," पलीकडून आजी म्हणाल्या. "अवरेकाळू आणलेत बरेच. सोलायला माणूस हवंय. रिकामी असलीस तर ये."

मी गेले. रोबो कोपऱ्यात होता. माझ्याकडे वळून त्याने कुठल्याशा तरुण बाईच्या आवाजात कन्नडमध्ये नमस्कार केला. आजींनी त्याच्या पाठीचं बटण दाबून तो बंद केला. आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. शेंगा सोलायच्या, दाणे पाण्यात टाकायचे, आधी भिजवलेल्या दाण्यांची सालं चिमटीने काढायची. बराच वेळ भाव, पाणी, शेजारी, असंच चाललं. समोरासमोर बसून बोलायला आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत होती.

मग त्या म्हणाल्या, "माझं तुला सगळं माहीत आहे. तुझं मला काही माहीत नाही. हे बरोबर नाही ना?"

"नाही."

"मग सांग काहीतरी."

त्या मान खाली घालून सालं काढत होत्या. मी सांगितलं, जे मुलीलाही माहीत नाही. घटस्फोट होऊन इतकी वर्षं झाली, पण दिवाळीच्या पाडव्याला तिच्या वडिलांचा फोन येतो. बरी आहेस ना, मुलगी कशी आहे, ठीक. एवढंच. आणि मी त्या दिवशी सकाळपासून कुठे बाहेर जात नाही. मला तो माणूस परत नको आहे. तरी जात नाही.

आजींनी मध्येच सांगितलं, "ते मीठ इकडे दे." मग म्हणाल्या, "यंदा आला होता?"

"आला होता."

"काय म्हणाले?"

"तेच."

त्यांनी सल्ला दिला नाही की डोळे पुसले नाहीत. माझ्यापुढचे दाणे अर्धे उचलून त्यांनी आपल्या वाटीत घेतले, कारण मी हळू काढत होते.

त्यानंतर मी अधूनमधून जाते. फार नाही. कधी त्या बोलावतात, कधी बोलावत नाहीत. सिस्टरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही नाही. त्या दिवशी सांगितलेली माझी गोष्ट त्या पुढच्या भेटीत विसरून गेल्या होत्या. "तुझे मिस्टर कुठे असतात गं?" असं अगदी सहज विचारलं. मला क्षणभर राग आला. यंत्राला सांगितलं असतं तर त्याने शब्दन्‌शब्द ध्यानात ठेवला असता. मग शेंगा सोलता सोलता मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी सांगताना मी स्वतःच दोनदा हसले, आणि पाडव्याला मी नवी साडी नेसून बसते हेही सांगितलं. पहिल्यांदा ते सांगितलं नव्हतं.

"अय्यो," आजी म्हणाल्या. "फोनवर साडी दिसते का?"

परत येताना बसला गर्दी नव्हती. घरी येऊन कुलूप उघडलं, पंखा लावला आणि चपला काढायच्या आधीच तिथे खुर्चीत बसले. शेंगांचा उग्र वास बोटांना तसाच होता. हात धुवायला मी लगेच उठले नाही.